उजनीत गेलेलं जुनं गावठाण : इतिहास कुठे शोधायचा आणि उरलेल्या बांधकामांची नोंद कशी करायची?

(एका चर्चेतले प्रश्न आणि उत्तरं. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे, प्रश्न 'भीमाकाठ' यांचे.)

भीमाकाठ

करमाळा तालुक्यातलं एक लहान गाव. उजनी धरणात जुनं गावठाण गेलं, नवं वर माळावर वसलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव फुटलं की गुप्तधनवाले पहारी घेऊन हजर होतात.

पाणी बरंच खाली गेलं की एवढं उघडं पडतं : एक दगडी देऊळ (शिखर नाही, गाभारा आणि मंडपाचे खांब जागेवर), एका वाड्याचं घडीव दगडाचं जोतं आणि दरवाजाची कमान, वेशीचा एका बाजूचा बुरूज, गाळाने भरलेली पायऱ्यांची बारव, घुमट असलेली एक लहान इमारत (दर्गा की समाधी यावर गावात दोन मतं), पाच-सहा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड) आणि बाकी घरांच्या जोत्यांच्या ओळी.

गावाचा लेखी इतिहास कुठे मिळेल? पाणी उतरल्यावर जे थोडे दिवस मिळतात त्यात काय मोजायचं, कसं मोजायचं? आणि बांधकामांचा काळ बघून कितपत सांगता येतो? 'हेमाडपंती आहे' यापलीकडचं उत्तर हवं आहे.

दप्तरी

उलट्या क्रमाने जा. बहुतेक लोक पेशवे दप्तरापासून सुरुवात करतात आणि मोडीत अडकून तिथेच थांबतात. तुमच्या गावाचा सगळ्यात तपशीलवार कागद म्हणजे गाव उठवणारा कागद : भूसंपादनाचा निवाडा.

उजनीची पायाभरणी १९६६ ची, धरण पूर्ण १९८० मध्ये. त्यामुळे संपादन १८९४ च्या कायद्याखालचं. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा आणि कलम ११ चा निवाडा असा क्रम. पहिल्या दोन्ही शासकीय राजपत्रात छापलेल्या असतात, त्यांच्या तारखा हाती आल्या की निवाडा शोधणं सोपं जातं. निवाड्याला जोडून संयुक्त मोजणीचा तक्ता आणि घरांच्या मूल्यांकनाची यादी असते : धारकाचं नाव, लांबी-रुंदी, भिंत दगड-चुन्याची की दगड-मातीची की कच्ची, वर माळवद की पत्रा की गवत, किंमत. जमिनीचा आणि गावठाणातल्या घरांचा निवाडा बहुधा वेगळा असतो. अर्जात दोन्ही लिहा, नाहीतर जमिनीचाच हातात पडतो.

जिल्हाधिकारी कार्यालयात भूसंपादन शाखा आणि अभिलेख कक्ष या दोन्ही ठिकाणी विचारा. माहिती अधिकारात मागत असाल तर आधी फक्त 'अभिलेखाचे निरीक्षण' मागा. थेट नकला मागितल्या की 'अभिलेख आढळून येत नाही' असं उत्तर येण्याची शक्यता वाढते, कारण कोणता गठ्ठा हे कुणालाच नीट ठाऊक नसतं. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. निवाडा आणि पुनर्वसनाची यादी एका अर्जात कोंबू नका.

दुसरा कागद ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी यादी. तलाठ्याचा ८-अ वेगळा, तो जमिनीच्या खात्याचा उतारा. ग्रामसेवकाकडे गेलात की 'आठ अ' म्हणू नका, 'आकारणी नोंदवही' म्हणा. स्थलांतराच्या आधीची वही हवी, कारण नव्या गावठाणात घरांचे नंबर नव्याने पडले. जोडीला १९६१ आणि १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका बघा : गावनिहाय घरं, कुटुंबं, लोकसंख्या. गाव बुडण्याआधीची शेवटची मोजदाद ती.

गावठाणाची नगर भूमापन मोजणी इतक्या लहान गावाची झालेली नसणार. गाव नकाशात गावठाण नुसती एक रिकामी हद्द म्हणून दिसेल. तरी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून गावठाणाला लागून असलेल्या सर्व्हे नंबरांची टिपणं काढा. त्यात ओढा, वाट, विहीर, कधी देऊळही खुणेला धरलेलं असतं. टिपणातली मापं साखळी आणि आण्यात असतात. आपल्याकडची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. म्हणजे एक साखळी १०.०६ मीटर आणि एक आणा सुमारे ६३ सेंटिमीटर. पुष्कळ जण ६६ फुटांची साखळी धरतात, आणि मग गाव दुप्पट मोठं निघतं.

त्याच्या मागचं. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीन मोजणी शेजारच्या इंदापूरात १८३६ च्या सुमारास सुरू झाली. सोलापूर जिल्हा १८३८ मध्ये झाला, १८६४ मध्ये मोडला, १८६९ मध्ये पुन्हा उभा राहिला. म्हणून १८३८ च्या आधीचे करमाळ्याचे इंग्रजी अमलातले कागद अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) गठ्ठ्यांत बघा आणि मधल्या पाच वर्षांचेही शेजारच्या जिल्ह्यांत. सोलापूरच्या नावाने शोधून 'काही नाही' म्हणणारे बहुधा इथे चुकतात.

गावात इनाम असेल तर तलाठ्याचा गाव नमुना ३, दुमाला जमिनींची नोंदवही, पहिला दुवा. देवस्थान इनाम, पाटील-कुलकर्ण्यांचं वतन, महार वतन, सगळं तिथे. त्यावरच्या नावांनी पुणे पुरालेखागारात इनाम चौकशीचे कागद मागायचे. तिथल्या याद्या आजच्या तालुक्याप्रमाणे नाहीत, प्रांत-परगण्याप्रमाणे आहेत, त्यामुळे आपला परगणा आधी नक्की करून जा.

मोडी कागदावरचा सन वाचताना : शकात ७८ मिळवा (पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या महिन्यांत इसवी सन बदललेलं असू शकतं, तेव्हा ७९). फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९, आणि दोन्ही वर्षं मृगाला बदलतात, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखेला एक जास्त. सुहूर सन अरबी अंकनामांत लिहितात, आधी एकक. 'समान सितैन मया व अलफ' म्हणजे ८ + ६० + १०० + १००० = ११६८, म्हणजे इ.स. १७६७-६८. कागदावर फसली सनही असेल तर तो सुहूरपेक्षा ९ ने जास्त यायला हवा, इथे ११७७. जुळलं नाही तर वाचण्यात घोळ आहे.

घराण्यांसाठी हेळव्यांच्या (वंशावळी सांगणाऱ्यांच्या) वह्या आणि पंढरपूर, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. तीर्थोपाध्यायांकडे गावाच्या नावाने पान निघतं, कोण कधी आलं ते हस्ताक्षरासकट.

पाणपातळी

कधी जायचं ते सांगतो. यात टक्केवारी फसवते.

उजनी पूर्ण भरल्यावर पातळी ४९६.८३ मीटर. उपयुक्त साठा ४९१.०३ ला संपतो. मधल्या ५.८ मीटरमध्ये ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्याखाली मृतसाठा ६३.६६ टीएमसी. 'उणे' आकडा उपयुक्त साठ्याच्या प्रमाणात सांगतात, म्हणून उणे ६० म्हणजे मृतसाठ्यातलं सुमारे ३२ टीएमसी पाणी गेलं, साधारण तेवढंच उरलं. जून २०२४ च्या सुरुवातीला धरण जवळजवळ तिथवर उतरलं होतं. टक्के आणि मीटर एका मापात खाली जात नाहीत, कारण खाली पाण्याचा पसारा कमी होत जातो. तुमच्या कामाला मीटरच हवेत. रोजच्या धरण अहवालात पातळीचा रकाना असतो.

आता खरी सोय. शांत सकाळी पाण्याची कड हीच तुमची आयती पातळीखूण. समजा त्या दिवशीची पातळी ४९०.२० आणि देवळाचा उंबरा पाण्याच्या कडेपेक्षा १.३५ मीटर वर. म्हणजे उंबरा ४९१.५५. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी (१५-२० मीटर लांब, आत हवेचा बुडबुडा राहू न देता भरलेली) घेऊन तिथून पुढे एकेक जोतं जोडत न्यायचं. एक फेरी पूर्ण करून पुन्हा सुरुवातीच्या बिंदूवर या. फरक २-३ सेंटिमीटरच्या आत हवा. एकदा हे झालं की कोणत्या पातळीला काय उघडं पडतं याचा तक्ता कायमचा तयार. वारा असेल त्या वेळी हे करू नका, पाणी एका काठाला चढतं. पावसाळ्यात वरून विसर्ग येत असतानाही नको, तेव्हा फुगवट्याच्या वरच्या टोकाला आणि धरणाशी पाणी एका पातळीत नसतं.

घरबसल्या अंदाज हवा असेल तर सेंटिनल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, २०१५ पासूनची, साधारण दर ५ दिवसांनी एक, १० मीटरच्या बारकाव्याची. जुनं गावठाण बेट म्हणून कधी वर आलं ती तारीख बघा आणि त्या दिवशीची पातळी अहवालातून काढा.

जुन्या गावाचं वरून दिसणारं चित्रही आहे. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांची १९६० ते १९७२ ची छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. आधीच स्कॅन झालेली अमेरिकी भूगर्भ खात्याच्या संकेतस्थळावर मोफत उतरवता येतात. चांगल्या चित्रात गावठाणाचा आकार, गाडीवाट, मळे, नदीचं मूळ पात्र स्पष्ट दिसतं. जोडीला भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे : तुमच्या भागासाठी ४७ जे/१५, ४७ जे/१६, ४७ एन/३ किंवा ४७ एन/४. आवृत्ती धरणाआधीची मागा. नव्या आवृत्तीत तिथे नुसता निळा रंग.

जाताना : वरून वाळलेला, भेगाळलेला दिसणारा गाळ खाली पातळ असतो, कमरेएवढं माणूस रुततं. जुन्या गाडीवाटेच्या मुरमावरून चाला, पुढे काठी टोचत. वाड्याच्या आणि मोठ्या घरांच्या आवारात ज्वारीची पेवं (धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे) होती. त्यांची तोंडं गाळाने झाकलेली असतात आणि वजन पडलं की आत ढासळतात. बोटीने जाणार असाल तर दुपारनंतर नाही. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जण गेले. उन्हाळी वळवाचा वारा या पसाऱ्यावर पाच मिनिटांत येतो.

टेप आणि वही

मोजणीचं बोलतो. वेळ थोडा असेल तर क्रम असा ठेवा : आधी सगळ्यात खालचं, जे पुन्हा लवकर पाण्यात जाईल. देऊळ दिसायला भारी म्हणून लोक आधी तिथे दिवस घालवतात, आणि तोवर बारव बुडते.

३० मीटरची टेप, ५ मीटरची टेप, ओळंबा, होकायंत्र, आलेख कागद. एका भिंतीची मापं तुकड्या-तुकड्याने घेऊन बेरीज करू नका. टेपचं शून्य एका कोपऱ्यावर धरून सलग वाचा : दरवाजाची अलीकडची कड १.८२, पलीकडची २.९४, कोपरा ५.१०. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. जुन्या घरात काटकोन क्वचितच असतो, कर्ण नसतील तर नकाशा घरी जुळत नाही. आराखडा १:५० वर, खांब-चौकटी १:२० वर.

फोटोत १ मीटरची पट्टी हवीच, दर १० सेंटिमीटरला लाल-पांढरी. त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर शेजारच्या दोन फोटोंत ७० टक्के भाग सामायिक, ऊन कडक नसताना, आणि प्रत्येक फेरी जिथे सुरू केली तिथेच संपवायची. गाळाचं पाणी वाळल्यावर दगडावर पांढुरकी साय बसते, ती साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने जाते. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण नको.

काळाबद्दल. 'हेमाडपंती' हा शब्द आपल्याकडे चुना नसलेल्या कोणत्याही दगडी देवळाला लावतात. त्यापेक्षा भाग बघा. खांब चौकोनातून अष्टकोनात आणि मग वर्तुळात जातो का, वर कीचक (भार तोलणाऱ्या बुटक्या मूर्ती) आहेत का, गाभाऱ्याच्या द्वारशाखा (चौकटीच्या उभ्या नक्षीपट्ट्या) किती, उंबऱ्यावर कीर्तिमुख (राक्षसी तोंडाचं शिल्प) आहे का, छत कोपऱ्यांतून दगड तिरके टाकत मिटवलंय का. हे सगळं असेल तर उत्तर चालुक्य-यादव काळाच्या जवळपास आहात. मात्र जुने खांब उचलून मराठा काळात नव्याने उभारलेली देवळंही भरपूर. ओळखायची खूण : खांबांची उंची सारखी करायला खाली किंवा वर वेगळ्या दगडाचे तुकडे, अर्धवट कापलेली नक्षी, आणि भिंतीच्या सांध्यात चुना. शिखर नाही म्हणता, ते विटांचं असणं शक्य आहे. पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचं पाण्यात गेलेलं देऊळ विटांच्या शिखराचं आहे. आजूबाजूच्या गाळात विटांचे तुकडे सापडतात का बघा, असतील तर लांबी-रुंदी-जाडी लिहा. पातळ, चपट्या विटा मराठा काळाकडे नेतात. ९ × ४.५ × ३ इंचांच्या जवळची वीट इंग्रजी अमलातली.

शिलालेख शोधताना नजर वर ठेवा. हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा लेख, आनंद कुंभारांनी उजेडात आणलेला, तुळईवर आहे. कित्येक वर्षं लोक त्याखालून ये-जा करत होते. अक्षरांत खडू, पीठ, रांगोळी भरू नका. अंधार पडताना विजेरी दगडाला जवळजवळ चिकटवून, १०-१५ अंशांच्या तिरक्या कोनात धरा आणि चारी बाजूंनी चार फोटो घ्या. कागदी ठसा घ्यायचा तो परवानगीने आणि शिकलेल्या माणसाकडून.

वाडा : भिंतीतल्या तुळयांच्या खोबणी मोजा. त्यांच्या उंचीवरून किती मजले ते कळतं, आणि दोन खोबणींमधल्या अंतरावरून माळवदाचं वजन. माळवद म्हणजे तुळया, कड्या, त्यावर तक्तपोशी किंवा फाटे, पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. ते पेलायला तुळया जवळ-जवळ लागतात. लांब अंतरावर खोबणी असतील तर वर पत्रा किंवा कौलं. मंगळुरी कौल सापडलं तर पालथं करा, कारखान्याचा शिक्का मागे असतो, आणि ते १८६५ च्या अलीकडचंच. कमानीच्या आत दोन्ही बाजूंना आगळीची (अडसराची) खोबण आहे का? एका बाजूला हातभर खोल आणि समोर वीतभर, अशी जोडी असेल तर तो दरवाजा संरक्षणाचा. नुसती शोभेची कमान नव्हे.

लाकूड, चौकटी, चांगले चिरे लोकांनी जाताना काढून नेले. नव्या गावठाणात ज्या घराला घराच्या मानाने फारच मोठी, जाड चौकट दिसेल, तिचं माप घेऊन जुन्या वाड्याच्या दाराशी ताडून बघा.

घुमटाच्या इमारतीचं : घुमटावरून काही ठरत नाही, दोन्हींकडे गवंडी तेच. पश्चिमेच्या भिंतीत मिहराब असेल तर मशीद. आत दक्षिणोत्तर लांबट चौथरा, दार दक्षिणेला असेल तर दर्ग्याकडे कल. मध्यभागी पादुका किंवा पिंडीची बैठक, पाणी जायला पन्हळ, बाहेर वृंदावनाचं जोतं असेल तर समाधी. फरशीवरचा गाळ हाताने काढल्याशिवाय निकाल देऊ नका.

वाडे-देवळं मोजून गाव मोजलं असं मात्र होत नाही. गावकुसाबाहेरच्या महारवाड्याची, मांगवाड्याची घरं कच्च्या मातीची होती, पहिल्याच भरणीत विरघळली. तिथे उरतात चुलीचे दगड, जात्याची तळी, रांजणाची बैठक, एखादं म्हसोबाचं ठाणं. त्यांनाही नकाशात तितक्याच काळजीने टिंब टाका.

भीमाकाठ

खूप काम झालं, आभार. एक अडचण : नव्या गावठाणातल्या मंडळींनी वर्गणी काढायचं ठरवलंय. देवळाचे सांधे सिमेंटने भरायचे, बुरूज आतून काँक्रीटने घट्ट करायचा आणि वीरगळ आणून नव्या मारुतीच्या पाराला बसवून ऑइलपेंट द्यायचा. नको म्हणायचं तर कारण काय सांगू?

चुन्याची घाणी

कारण हे सांगा. तुमच्या भिंतीला बाहेर-आत घडीव दगड आणि मधे दगड-मातीची भर असते. धरण भरलं की भर पाणी पिते. पातळी उतरते तेव्हा ते पाणी सांध्यांतून बाहेर यायला हवं. सिमेंटने सांधे बंद केले की पाणी आत कोंडतं, बाहेरचा आधार गेलेला असतो आणि आतून दाब राहतो. भिंतीचं पोट सुटतं, आणि दोन-तीन भरणीत बाहेरचा थर सपाट खाली येतो. सिमेंट मजबूत आहे म्हणूनच हे होतं : सांधा टिकतो, दगड सुटतो.

बुरुजात काँक्रीट तर अजिबात नको. खाली काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, दरवर्षी. दगड-मातीचा बुरूज त्याबरोबर थोडा हलतो. काँक्रीटचा गाभा हलत नाही, मग कवच एकीकडे आणि गाभा एकीकडे.

सगळ्यात जास्त झीज ४९१ ते ४९६.८३ या पट्ट्यात होते, जिथे दरवर्षी ओलं-सुकं होतं आणि लाटा आपटतात. त्याखाली कायम पाण्यात राहणारं उलट बरं टिकतं. म्हणून पाणपातळींनी सांगितलेला तक्ता आधी करा, आणि पैसे कुठे घालायचे ते मग ठरवा.

करायचंच असेल तर सुटलेले दगड जागेवर बसवणं आणि चुन्याने सांधे भरणं, तेही पुरातत्त्व खात्याला विचारून. साधा चुना इथे चालत नाही. तो हवेने घट्ट होतो आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात, तेवढ्यात पाणी परत येतं. विटांची बारीक भुकटी, सुरखी, घातलेला लागतो. कळीचा चुना विझवून हौदात किमान १५ दिवस, जास्त तितकं चांगलं. मग १ भाग चुना, १ भाग सुरखी, १ भाग धारदार वाळू, घाणीत मळून. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. जास्त भाजून काळी पडलेली वीट दळली तर ती नुसती वाळूचंच काम करते. सांधा ओला करून २-३ सेंटिमीटर खोल भरा, वरून ओलं गोणपाट, दोन-तीन आठवडे. वैशाखाच्या उन्हात उघडा ठेवला तर तिसऱ्या दिवशी भुगा. भिंतीच्या पायाशी काही उभे सांधे मुद्दाम रिकामे ठेवा, पाणी निघायला.

जुना चुना कसला होता ते बघायचं असेल तर १०० ग्रॅम कुटा, सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये फेस थांबेपर्यंत ठेवा, गाळा, वाळवा, तोला. उरलं ते वाळू आणि माती. लालसर भुकटी दिसली तर सुरखी. आपल्याकडे काळ्या मातीतली चुनखडी भाजून चुना करत, त्यात मुळातच चिकणमातीचा अंश असल्याने तो पाण्यातही धरतो. तुमच्या देवळाचे सांधे आजवर तग धरून असतील तर बहुधा त्यामुळेच.

वीरगळ : सिमेंटमध्ये गाडले की खालचा पट्टा कायमचा जातो, आणि बऱ्याचदा लेख किंवा लढाईचा प्रसंग तिथेच असतो. ऑइलपेंटखाली ओल अडकून दगडाचे पापुद्रे सुटतात. आणायचेच असतील तर आणण्याआधी प्रत्येकाची मूळ जागा, तोंड कोणत्या दिशेला, शेजारी काय, हे नकाशावर. मग दगडी बैठकीवर, मागे टेकू देऊन, जमिनीपासून वर, मोकळे उभे करा.

टेप आणि वही

वीरगळ हलवण्याला माझा विरोध. वेशीजवळचा वीरगळ आणि नदीच्या उताराजवळचा वीरगळ वेगवेगळं सांगतात. पाराला ओळीने उभे केले की ते नुसते दगड.

चुन्याची घाणी

एरवी मान्य. पण तिथे गाळ उपसायला जेसीबी येतो आणि गाळपेरीला ट्रॅक्टर फिरतो. नांगराचा फाळ बसलेला वीरगळ मूळ जागेवर आहे याचं समाधान फार टिकत नाही. नोंद आधी, हलवणं नंतर, एवढं पाळलं की पुरे.

पाणपातळी

कायद्याचं थोडक्यात. संपादित क्षेत्र जलसंपदा विभागाचं, तिथे गावकऱ्यांनाही परस्पर खोदता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. शंभर वर्षांवरचं शिल्प १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. गाळपेरीचे पट्टे दरवर्षी दिले जातात, त्याआधीच गावठाणाची हद्द वगळायचा अर्ज नकाशासकट विभागाला द्या. नुसतं 'प्राचीन मंदिर वाचवा' असं निवेदन फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. सर्व्हे नंबर आणि पातळी लिहिलेला अर्ज शाखा अभियंत्याला जागेवर लावून बघता येतो.

भीमाकाठ

मूल्यांकनाची यादी मिळाली तर ती जोत्यांवर कशी बसवायची? यादीत नंबर आहेत, जमिनीवर नुसत्या दगडांच्या ओळी.

दप्तरी

ज्यांची जागा वादातीत आहे ती आधी पक्की करा : देऊळ, वाडा, चावडी, वेस. यादीतले नंबर साधारण गल्लीच्या क्रमाने पडलेले असतात, एका टोकापासून घरोघर जात. म्हणून वाड्याचा नंबर ४१ आणि चावडीचा ५८ असेल तर मधली घरं त्या दोघांच्या मधल्या गल्लीत शोधायची. मग लांबी-रुंदी लावा. यादीतली मापं फुटांत आणि बाहेरून बाहेर असतात, जोतं मात्र भिंतीपेक्षा वीतभर पुढे आलेलं, त्यामुळे फुटा-दीड फुटाचा फरक सोडून द्या. ओटा काही ठिकाणी घरात धरलाय, काही ठिकाणी वेगळा. दोन-तीन घरं लागली की मोजणाऱ्याची रीत कळते.

अडलं की खरेदीखतं. दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या घरांच्या खरेदीखतात, गहाणखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ. एका गल्लीतली दोन खतं मिळाली तरी मधली चार-पाच घरं आपोआप बसतात. वाटणीने एका जोत्यावर दोन नंबर पडलेले असतील, आणि पडक्या घराला नंबर असून मूल्यांकन शून्य असेल. त्या जागा रिकाम्या सोडू नका, नकाशावर नंबर टाकून 'पडीक' लिहा.

नकाशाची पहिली प्रत घेऊन नव्या गावठाणात सत्तरीच्या पुढच्या बायकांकडे आधी जा. पुरुष वेस, चावडी, तालीम सांगतात. कुणाच्या परसातून कुणाकडे जाता यायचं, पाण्याला कोणत्या वाटेने जायचे, कोणता आड कुणाला बंद होता, हे बायकांना ठाऊक असतं, आणि बोळांची जोडणी त्यावरूनच लागते.